भाकरीची लाज कुणाला?

गेल्या हिवाळ्यातील प्रसंग आहे. उपनगरातील एका सभागृहात कुटुंब मेळावा होता. आहार आणि परंपरा या विषयावर वक्त्यांनी तासभर उत्तम मांडणी केली. ऋतुचर्या, सात्त्विक भोजन, आजीच्या हातची चव, सारे काही आले. टाळ्या झाल्या. त्यानंतर अल्पोपाहारासाठी मंडळी बाहेर आली, तेव्हा टेबलावर खारी, नानकटाई, समोसा आणि मुलांसाठी केकचे तुकडे मांडलेले होते. एका ताटलीतील चारही पदार्थ मैद्याचे! कुणाला त्यात विसंगती जाणवली नाही. मलाही जाणवली नसती, पण हात धुवायला मागच्या बाजूस गेलो असता सभागृहाची झाडलोट करणाऱ्या मावशी जिन्याखाली जेवताना दिसल्या. मला पाहताच त्यांनी डबा पदराआड घेतला. डब्यात ज्वारीची भाकरी आणि मेथीची भाजी होती. "बसा, जेवा निवांत," असे म्हणालो, तर त्या संकोचून म्हणाल्या, "आमचं आपलं साधंच असतं, दादा."

त्या एका वाक्याने मी अस्वस्थ झालो. आत ज्या अन्नाचे तासभर गुणगान झाले, ते अन्न जिन्याखाली होते आणि लपवले जात होते. ज्याचा निषेध झाला, ते सन्मानाने टेबलावर होते. मैद्याचा प्रश्न आपण केवळ आरोग्याचा समजतो. तो तसा आहेच. पण तेवढाच नाही.

प्रथम आरोग्याचे पाहू. गव्हाच्या दाण्याचे तीन भाग असतात. बाहेरचा कोंडा, आतला पिष्टमय गाभा आणि एका टोकाला असलेला इवलासा अंकुर. तंतू, खनिजे, ब जीवनसत्त्वे आणि स्निग्धांश यांचा मोठा वाटा कोंडा व अंकुर यांत असतो. जात्यावर किंवा गिरणीत दळताना हे तिन्ही भाग एकत्र राहतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेत पोलादी रुळांच्या गिरण्या आल्या आणि कोंडा व अंकुर बाजूला काढून केवळ गाभ्याचे पांढरेशुभ्र पीठ स्वस्तात, अमाप प्रमाणात मिळू लागले. शंभर किलो गव्हातून असे पीठ साधारण सत्तर-पंचाहत्तर किलो निघते. उरलेला कोंडा बहुतांशी गुरांच्या खाद्यात जातो. म्हणजे दाण्यातील अधिक सकस भाग गोठ्यात आणि गाभा आपल्या ताटात!

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नघटकांचे कोष्टक प्रसिद्ध केले. त्यानुसार शंभर ग्रॅम मैद्यात तंतूंचे प्रमाण जेमतेम पावणेतीन ग्रॅम आहे. कणकेत ते अकरा ग्रॅमच्या पुढे, तर ज्वारी, बाजरी आणि नाचणीत दहा ते साडेअकरा ग्रॅमच्या दरम्यान आहे. लोह मैद्यात पावणेदोन मिलिग्रॅमच्या आसपास, तर बाजरीत सहा मिलिग्रॅमहून अधिक. नाचणीतील कॅल्शियम सुमारे ३६४ मिलिग्रॅम, म्हणजे कणकेच्या दसपटीहून जास्त. दुसरीकडे, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीचे २०२३ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात की, देशात मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या पुढे गेली आहे आणि आणखी तेरा कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. याचे सारे खापर मैद्यावर फोडणे योग्य नाही. बैठी जीवनशैली, साखर, तेल, अपुरी झोप हेही त्यात आहेत. परंतु तंतुहीन, लगेच पचून रक्तातील साखर वेगाने वाढवणारे अन्न दिवसातून तीन-चार वेळा पोटात जात असेल, तर त्याचा हिशेब शरीर ठेवतेच.

येथे एक सावधगिरीची सूचना, विशेषतः आपल्या कार्यकर्त्यांसाठी. उत्साहाच्या भरात आपण अतिशयोक्ती करतो. मैदा आतड्याला डिंकासारखा चिकटून वर्षानुवर्षे राहतो, मैदा पांढरा करणाऱ्या रसायनाने थेट मधुमेह होतो, अशी विधाने भ्रमणध्वनीवरून फिरत असतात. त्यांना भक्कम आधार नाही. मैद्यात प्रथिने मुळीच नसतात हेही खरे नव्हे. कणकेइतकीच, दहा टक्क्यांच्या आसपास असतात. पावासाठी वापरले जाणारे पोटॅशियम ब्रोमेट हे रसायन धोकादायक ठरल्याने २०१६ साली आपल्याकडे त्यावर बंदी घालण्यात आली, ही मात्र वस्तुस्थिती आहे. खरे तेवढेच सांगावे. आपली बाजू सत्याची असेल तर तिला असत्याचा टेकू कशाला? एखाद्या डॉक्टरने आपले एक विधान खोडून काढले की, उरलेली नऊ खरी विधानेही लोक टाकून देतात.

आता प्रश्न असा की, ज्या महाराष्ट्रात ज्वारी-बाजरी हे रोजचे आणि गहू हे सणाचे धान्य होते, तेथे मैदा घराघरांत शिरला कसा? स्वातंत्र्यानंतर धान्याचा तुटवडा होता. १९५६ पासून अमेरिकेच्या पीएल ४८० कायद्याखालील गहू येऊ लागला. परावलंबनाची ती नामुष्की ओळखूनच १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी देशाला सोमवारच्या रात्रीचे जेवण सोडण्याचे आवाहन केले होते. पुढे हरितक्रांतीने आपण गहू-तांदळात स्वयंपूर्ण झालो, हे मोठेच राष्ट्रीय यश होय. परंतु संशोधन, सिंचन, सरकारी खरेदी आणि शिधावाटप यांचा ओघ या दोन धान्यांकडेच राहिला. १९७२ च्या दुष्काळात तर ज्वारीच्या या माहेरघरात परदेशी लाल मिलो खाण्याची वेळ आली. त्या दिवसांची कडू आठवण आजही वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात येते. दरम्यान शहरात बेकरी आली, चहाबरोबर बिस्किट आले, मुलांच्या डब्यात पाव आणि नूडल्स आले. जे पांढरे ते प्रतिष्ठेचे, जे काळसर ते गरिबाचे, अशी समजूत रुजली.

ही समजूतच मला अधिक घातक वाटते. रंगावरून माणसाची प्रतवारी करणे जितके चूक, तितकेच अन्नाची प्रतवारी करणेही चूक. भाकरीला कमी लेखणे म्हणजे ती थापणाऱ्या आणि ती पिकवणाऱ्या हातांना कमी लेखणे होय. आपण समरसतेची भाषा बोलतो. मग ज्या अन्नावर डोंगरातील, माळरानावरील आणि वस्तीवरील समाज पिढ्यान्पिढ्या जगला, ते अन्न आपल्या ताटात सन्मानाने येते का, याचाही विचार करायला हवा. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात धान्याची कोठारे भुकेल्यांसाठी खुली केली, ही कथा आपण भक्तिभावाने सांगतो. त्याच मंगळवेढ्याच्या ज्वारीला आता भौगोलिक मानांकन लाभले आहे. पण ती आपल्यापैकी किती घरांत महिन्याच्या वाणसामानात असते?

यात आणखी एक पदर आहे. रब्बी ज्वारी काळ्या जमिनीत साठलेल्या ओलाव्यावर येते. तिला उसासारखे पाणी लागत नाही. ती माणसाला दाणा देते आणि गुरांना कडबा. देशात १९६० च्या दशकात सुमारे एक कोटी ऐंशी लाख हेक्टरांवर ज्वारी होती. आज ती चाळीस लाख हेक्टरांच्या आसपास उरली आहे. ज्वारी गेली म्हणजे कडबाही गेला. गोवंशाच्या रक्षणाविषयी तळमळीने बोलणाऱ्यांनी ज्वारीचे क्षेत्र का आटले, हे अवश्य समजून घ्यावे. गोठ्याची चिंता शेताच्या चिंतेपासून वेगळी करता येत नाही.

शासनाने या दिशेने पावले टाकली आहेत. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे केले; त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात या धान्यांना 'श्री अन्न' असे गौरवाचे नाव मिळाले. २०२५-२६ च्या खरीप हंगामासाठी नाचणीचा आधारभाव क्विंटलला ४,८८६ रुपये आणि मालदांडी ज्वारीचा ३,७४९ रुपये जाहीर झाला. परंतु जाहीर झालेला भाव आणि शेतकऱ्याच्या हाती पडणारा भाव नेहमी एकच असतो असे नाही. ज्वारीची काढणी कष्टाची, मजूर मिळेनात, पाखरांची राखण वेगळीच. अशा वेळी नाव गौरवाचे आणि मागणी नाममात्र असेल, तर शेतकरी सोयाबीन किंवा उसाकडे वळणारच. त्याला दोष देता येणार नाही. मागणी निर्माण करणे हे काम शासनाच्या अध्यादेशाने होत नाही; ते स्वयंपाकघरातून होते.

तेव्हा स्वयंपाकघरात काय करावे? भगिनींना मी काही शिकवावे असे नाही. त्यांच्याकडूनच ऐकलेले येथे मांडतो. पहिली गोष्ट, कणीक हाच मैद्याला सर्वांत सोपा पर्याय. शंकरपाळे, करंजी, पुरणपोळी यांत मऊपणासाठी आणि पांढरेपणासाठी मैदा शिरला आहे. बारीक दळलेली, चाळलेली कणीक आणि थोडा रवा यांनी ते सारे उत्तम होते. घरचा केक कणकेचा होतो. पिठाला पाणी किंवा दूध थोडे अधिक लागते, पीठ दही-सोड्यात कालवून दहा-पंधरा मिनिटे मुरू द्यावे लागते, एवढेच. चवीची सवय झाली की, चौथा हिस्सा नाचणीचे पीठ मिसळावे. नाचणी, तूप आणि गूळ यांची बिस्किटे मुले आवडीने खातात. पाव मात्र केवळ ज्वारी-बाजरीचा होणार नाही. तो फुगण्यासाठी गव्हातील चिकटपणा लागतो. तेथे निम्मी तरी कणीक घालावी, हट्ट धरू नये.

दुसरी गोष्ट ताज्या पिठाची. ज्वारीचे जुने पीठ थापताना तुटते आणि बाजरीतील स्निग्धांशामुळे तिचे पीठ लवकर कडवट होते. म्हणून ही पिठे आठ-पंधरा दिवसांपुरतीच दळून आणावीत. भाकरी तुटत असेल तर पीठ गरम पाण्यात मळावे. नाचणी मोड आणून वाळवून दळली तर तिच्यातील सत्त्व अंगी लागण्यास मदत होते. आणि ज्यांना भाकरी थापणे जमत नाही, त्यांच्यासाठी आपल्या आज्यांनी भाजणी करून ठेवलीच आहे. ज्वारी, बाजरी, तांदूळ, गहू, हरभरा आणि उडीद डाळ, धणे भाजून दळले की थालीपीठ तयार. 'मल्टिग्रेन' हा शब्द आपल्याकडे येण्याच्या कितीतरी आधी ते महाराष्ट्रात घडले होते!

तिसरी गोष्ट, वेष्टनाला भुलू नये. नाचणीच्या कणसाचे चित्र छापलेल्या महागड्या बिस्किटांच्या पुड्यावरील बारीक अक्षरे वाचावीत. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिण्याचा नियम आहे. पहिलेच नाव 'रिफाइंड व्हीट फ्लोअर' असेल, तर तो मैदाच. नाचणी केवळ चित्रात आहे असे समजावे. तपकिरी रंगाचा प्रत्येक पाव कणकेचा नसतो. ज्वारी-बाजरी ही श्रीमंतांच्या मॉलमधील चैनीची वस्तू झाली आणि ती पिकवणाऱ्याच्या घरात मात्र स्वस्त बिस्किटाचा पुडा गेला, तर आपण काहीच साधले नाही.

चौथी गोष्ट आपल्या कार्यक्रमांची. बैठकीतील चहाबरोबर बिस्किटाऐवजी शेंगदाणे-गूळ, शिबिरात एक वेळ भाकरी-पिठले, वर्षप्रतिपदेच्या किंवा संक्रांतीच्या कार्यक्रमात स्थानिक बचत गटाकडून घेतलेली थालीपिठे, एवढे ठरवणे अवघड नाही. दहा कुटुंबांनी मिळून एखाद्या कोरडवाहू शेतकऱ्याकडून वर्षाची ज्वारी थेट घेतली, तर त्याला भाव मिळेल आणि आपल्याला खात्रीचे धान्य. १९३४ साली वर्ध्यात गांधीजींच्या प्रेरणेने स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने हातसडीच्या तांदळाचा आणि जात्यावरील पिठाचा आग्रह धरला होता, तो याच जाणिवेतून. स्वदेशी म्हणजे केवळ परदेशी माल नाकारणे नव्हे. आपल्या शेजारच्या माणसाचे श्रम विकत घेण्याची तयारी ठेवणे म्हणजे स्वदेशी.

मी मैद्याचा कट्टर बहिष्कार सुचवत नाही. वर्षातून चार वेळा चिरोटे खाल्ल्याने संस्कृती बुडत नाही आणि रोज भाकरी खाल्ल्याने ती आपोआप तरतही नाही. प्रश्न रोजच्या ताटाचा आहे आणि त्या ताटामागील मनाचा आहे.

त्या सभागृहात पुढचा मेळावा ठरला आहे. अल्पोपाहाराची जबाबदारी मी मागून घेतली आहे. त्या मावशींना विचारले, "पन्नास जणांच्या भाकऱ्या कराल का? योग्य मोबदला देऊ." त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "करीन की. पण पीठ मी दळून आणीन. तुमचं दुकानचं नको." एवढ्या अधिकाराने त्या प्रथमच बोलल्या. त्या दिवशी त्या आमच्याबरोबर पंगतीला बसतील. डबा पदराआड धरण्याचे काही कारण उरणार नाही.