रुंद रिम, कमी हवा

आपल्याकडे सायकलमध्ये हवा भरायची म्हणजे टाइट भरायची, हा संस्कार फार जुना आहे. पंप मारायचा, अंगठ्याने टायर दाबून बघायचा, दबला नाही की झालं काम. फुल साइज सायकलवर मागे पोतं किंवा डबलसीट घेऊन डांबरी रस्त्याने जाणाऱ्यांसाठी ते बरोबरच होतं. चाक हलकं पळायचं आणि खड्ड्यात आपटलं तरी ट्यूब चेमटायची नाही. पण तीच सवय आपण माउंटन बाइकवरही नेली आणि डोंगरातल्या सायकलिंगचा बराचसा आनंद तिथेच घालवला. यंदा पावसाळा सरल्यावर मी सायकलला रुंद रिम बसवून घेतल्या. तेव्हापासून माझं हे मत आणखी पक्कं झालं आहे.

रिमची रुंदी आतून मोजतात. टायरच्या दोन्ही कडा ज्या दोन भिंतींना आतून टेकतात, त्या भिंतींमधलं हे अंतर. माझ्या जुन्या रिमचं माप १९ मिलिमीटर होतं, नव्यांचं ३०. टायर तेच ठेवले, २९ इंची, २.३५ रुंदीचे, ट्यूबलेस. हबही जुनेच. रिमच्या आतला व्यास बदलला म्हणून आरे तेवढे नव्या लांबीचे घ्यावे लागले.

चाकं बांधायला पेठेतल्या एका जुन्या कारागिरांकडे गेलो. रिम हातात घेऊन त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘‘हवा किती ठेवता?’’ म्हटलं, ‘‘पुढे २८ पौंड, मागे ३०.’’ ‘‘मग कशाला खर्च करता? हवा कमी करणार असाल तर बांधतो.’’ मी म्हटलं, ‘‘करतो काका, तुम्ही बांधा.’’ मग त्यांनी एकेक आरा हबमधून ओवला, दोघांवरून नेऊन तिसऱ्याखाली अडकवला, निपल हलक्या हाताने धरवले. चाक स्टँडवर चढवून आउट काढताना ते आरे दोन-दोन करून मुठीत आवळत होते, म्हणजे ते आपापल्या जागी बसतात आणि पहिल्याच उतारावर सैल पडत नाहीत. एका बाजूचे आरे बोटाने छेडत जायचे आणि ज्याचा आवाज वेगळा येई, तिथे पान्याला पाव वेढा द्यायचे.

घरी आल्यावर व्हर्नियर लावून पाहिलं, तर तोच टायर आता चार मिलिमीटरने रुंद भरत होता. रिम अरुंद असली की टायर बुडाशी आवळला जातो आणि वर फुगतो. वळणावर सगळा भार एका कुशीवर आला की तो रिमवर लचकतो, फारच हवा कमी असेल तर कडेतून फस्सकन हवा निसटते. हे टळावं म्हणून आपण हवा वाढवतो. रुंद रिमवर टायरच्या भिंती अधिक सरळ उभ्या राहतात, बुडाला पाया मिळतो, आणि हवा कमी केली तरी टायर जागेवरून हलत नाही. काकांच्या प्रश्नाचा अर्थ हाच होता. रुंद रिम पकड देत नाही, ती कमी हवेची मुभा देते. पकड येते ती कमी हवेतून.

याची खात्री मी बोपदेव घाटाच्या माथ्यावर, कानिफनाथाच्या डोंगराकडच्या वाटांवर करून घेतली. दिवाळीनंतर तिथला कातळ उघडा पडतो आणि त्यावर मुरमाचा पातळ थर राहतो. ब्रेक लावला की चाकाखालून मुरूम घरंगळतो आणि त्याच्याबरोबर चाकही. आधी मुद्दाम जुन्याच दाबावर गेलो, तर सायकल पूर्वीपेक्षा जास्त आदळली. तेही स्वाभाविक आहे. दाब तोच ठेवून टायर रुंद झाला की त्याच्या कापडावरचा ताण वाढतो, आणि तो अधिक कडक लागतो. मग दोन-दोन पौंड सोडत गेलो. पुढे २१ आणि मागे २४ वर आलो तेव्हा टायर दगडांना बिलगून चालायला लागला. चढावर मागचं चाक जिथे हमखास फिरायचं, तिथे ते पकडून राहिलं. मनगटांना बसणारे हादरे कमी झाले. घसरणीच्या वळणावर सायकल कुठे जाणार हे आधी कळायला लागलं. मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच, कारण डोंगरात भीती वाटते ती वेगाची नसते, अंदाज न येण्याची असते.

या खेळाचा उगमच रुंद चाकांवर झाला. २१ ऑक्टोबर १९७६ ला कॅलिफोर्नियातल्या फेअरफॅक्सजवळ ‘रिपॅक’ नावाच्या उतारावर पहिली शर्यत झाली. जो ब्रीझ, गॅरी फिशर, चार्ली केली ही मंडळी तेव्हा श्विन कंपनीच्या जुन्या, फुगीर टायरांच्या सायकली चालवत. त्यांच्या पोलादी रिम रुंद पण जड होत्या. पुढे वजन कमी करण्याची ओढ लागली. कीथ बाँट्रेगर यांनी ऐंशीच्या दशकात रस्त्यावरच्या सायकलींच्या हलक्या रिम कापून, लहान करून डोंगरी चाकांत बसवल्या, आणि नव्वदच्या दशकात अरुंद रिम हाच नियम झाला. उलट दिशेने विचार अलास्कात चालू होता. तिथल्या बर्फात चाक रुतू नये म्हणून सायमन रॅकोवर यांनी ४४ मिलिमीटरची ‘स्नोकॅट’ रिम बनवली. साध्या डोंगरी सायकलींवर रुंदी परतली ती २०१० नंतर. २०१४ मध्ये आयबिसने आतून ३५ मिलिमीटरच्या कार्बन रिम आणल्या. आज बहुतेक ट्रेल बाइक ३० च्या आसपास स्थिरावल्या आहेत.

३० ची ही मर्यादा आपल्या सह्याद्रीत विशेष लक्षात ठेवावी. मित्राची ३५ ची चाकं याच टायरवर चालवून पाहिली. टायरचा माथा चपटा झाला आणि कडेची बोंडं आधीच जमिनीला टेकल्यासारखी झाली, त्यामुळे कलताना मिळणारी धार गेली. शिवाय टायरच्या भिंती बाहेर आल्या. बाभळीच्या काट्याने पडलेलं भोक ट्यूबलेसमधला द्रव बुजवतो, पण काळ्या दगडाच्या कोरीने भिंत चिरली तर पायपीट ठरलेली. ३५ हवी असेल तर तिला २.५ चा टायर द्यावा. रुंद रिम जडही असते. माझं प्रत्येक चाक सुमारे शंभर ग्रॅमने वाढलं आणि ते घाट चढताना जाणवतं. उतारावरचा विश्वास पाहता मला ते वजन मान्य आहे.

नवे शॉक, कार्बनची फ्रेम यांवर लोक लाखांत खर्च करतात आणि जमिनीला प्रत्यक्ष टेकणाऱ्या टायरमधली हवा मात्र अंगठ्याने मोजतात. आधी एक चांगला गेज घ्या. रिमवरचं माप वाचा, ६२२ च्या जोडीला छापलेला आकडा २५ च्या खाली असेल आणि चाकं बदलायची वेळ आलीच असेल, तर ३० ची बांधून घ्या. नसेल आली, तर आहे त्या चाकांतली हवा दोन पौंड कमी करून नेहमीच्या वाटेवर जा, आणि रिम आपटायला लागेपर्यंत थोडी थोडी सोडत राहा. आपला आकडा आपल्याच डोंगरावर सापडतो.