मातीची नाडी कोण बघणार?

बीटी कापसाचा विषय निघाला की गाडी बोंडअळी, बियाण्याचा भाव आणि फवारणी यांच्यापुढे फारशी जात नाही. मातीचं काय, असं कुणी विचारलंच तर दोनच उत्तरं येतात. एक, "माती मेली!" दुसरं, "काही होत नाही हो!" मला दोन्ही पटत नाहीत.

मुळात बीटी हा मातीतलाच जीवाणू. त्याचं अळी मारणारं जनुक कापसात घातलं आणि २००२ साली भारतात त्याला परवानगी मिळाली. त्याआधी, १९९९ मध्ये, न्यूयॉर्क विद्यापीठातल्या स्टॉट्झकी यांच्या गटाने दाखवलं होतं की बीटी मक्याच्या मुळांतून हे विषारी प्रथिन मातीत झिरपतं आणि मातीच्या कणांना चिकटून टिकतं. झाली खळबळ! पण त्याच गटाला पुढे गांडुळं, जीवाणू, बुरशी यांच्यावर त्याचा परिणाम आढळला नाही. २००४ च्या त्यांच्या प्रयोगांत तर कापसाच्या मुळांतून ते झिरपताना दिसलंच नाही. उलट २००९ मध्ये 'नवदान्य'ने विदर्भातल्या बीटीच्या शेतांत सूक्ष्मजीव कमी झाल्याचं सांगितलं. पण दोन शेतांत फरक काय फक्त बियाण्याचा असतो? शेणखत, युरिया, फवारण्या... सगळंच वेगळं.

मग काळजी नकोच का? हवी, पण दुसऱ्या गोष्टीची. तणनाशक सोसणारा 'चोर बीटी' परवानगी नसताना कित्येक वर्षं पेरला जातोय. निंदणाला माणूस मिळत नाही, मजुरी परवडत नाही. शेतकऱ्याला बोल लावण्यात अर्थ नाही. पण ग्लायफोसेट ज्या जैवरासायनिक प्रक्रियेवर घाव घालतं, ती माणसात नसली तरी तणांप्रमाणेच मातीतल्या अनेक जीवाणूंत आणि बुरशीत असते. आणि जे पीक कागदावर नाहीच, त्याच्या मातीची नोंद ठेवणार कोण?

२०१५ पासून शेतकऱ्याला मृदा आरोग्य पत्रिका मिळते. तिच्यात १२ गोष्टी: नत्र, स्फुरद, पालाश, सामू, सेंद्रिय कर्ब वगैरे. जिवंत असं त्यात काहीच मोजत नाहीत. नाव 'आरोग्य' आणि नाडी बघायची नाही!

कृषी विद्यापीठांनी एकाच रानात बीटी, साधा कापूस, तणनाशकासह आणि त्याविना, अशी पाच-दहा वर्षं सलग लावून मातीतले जीव मोजावेत, आकडे मराठीत सगळ्यांपुढे ठेवावेत. तोवर "मेली" म्हणणारे काय आणि "काही होत नाही" म्हणणारे काय, सगळं अंदाजपंचेच. आणि अंदाज चुकला तर त्याची किंमत मोजणार तो कोरडवाहू शेतकरीच.