मिहिरकुलाची कैफियत

हूण राजा मिहिरकुल याचे नाव निघताच कड्यावरून लोटलेल्या १०० हत्तींची गोष्ट सांगावयाची आणि ‘हूण जातच क्रूर’ असा निकाल देऊन मोकळे व्हावयाचे, ही आमच्याकडील जुनी खोड आहे. आम्ही जळगाव जामोदकर सातपुड्याच्या पायथ्याशी राहतो. सातपुडा व नर्मदा ओलांडली की माळवा, आणि तेथवर हूण आले होते. तेव्हा हा प्रश्न आम्हांस परका नाही.

हत्तींची गोष्ट कल्हणाने इ. स. ११५० च्या सुमारास, म्हणजे मिहिरकुलानंतर ६०० वर्षांनी लिहिली. त्याने विहार पाडले, असे सांगणारा ह्युएनत्संगही १०० वर्षांनी आला. उलट मिहिरकुलाच्याच कारकीर्दीच्या १५ व्या वर्षी मातृचेटाने ग्वाल्हेरीस सूर्यमंदिर बांधून शिलालेखात राजाची स्तुती कोरविली. म्हणून तो साधू ठरतो काय? मुळीच नाही. प्रजाजनाची स्तुती पक्षपाती, तशीच त्यास नमविल्याचे सांगणारी यशोधर्म्याची मंदसोर येथील प्रशस्तीही पक्षपाती. साक्षी तपासल्यावाचून निकाल नको, इतकेच आमचे म्हणणे.

आणि क्रौर्य खरे मानले, तरी ते सर्व जातीच्या माथी का? काश्मीरचा स्वकीय राजा हर्ष याने देवालये लुटली, हेही कल्हणच सांगतो. त्यावरून काश्मिरी लोकांस कोणी क्रूर म्हटले नाही. स्वकीयाचा दोष एकट्याचा आणि परकीयाचा दोष सर्व जातीचा, हा न्याय नव्हे. आणि मुलांस तो इतिहास म्हणून शिकविणे, हा तर उघड अन्याय होय.