सरकारी तिजोरीतून चिपचे कारखाने. मग आमचा वाटा कुठे?

चळवळीच्या दैनिकात संगणकाच्या साठवणुकीची चर्चा कशाला, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. आमचे उत्तर सरळ आहे. जिथे जनतेचा पैसा जातो, तिथे बहुजनांचा हिशेब गेलाच पाहिजे.

आधी विषय समजून घेऊ. पूर्वी संगणकातील माहिती फिरत्या तबकडीवर, म्हणजे हार्ड डिस्कवर साठवली जाई. आता ते काम फ्लॅश चिप करते. तिच्यात काहीही फिरत नाही. अतिसूक्ष्म पेशींत विजेचा भार कोंडून माहिती ठेवली जाते. या चिपांपासून बनलेल्या साधनाला एसएसडी म्हणतात. जुन्या साटा जोडणीवर तिचा वेग सेकंदाला साधारण ५५० एमबीपाशी अडकला होता. २०११ साली एनव्हीएमई ही नवी पद्धत आली आणि आज पीसीआयई ५.० वरील एसएसडी सेकंदाला १४ जीबीपर्यंत माहिती वाचते. म्हणजे जवळजवळ पंचवीस पट वेग!

हा धंदा सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन, किओक्सिया, सॅनडिस्क आणि चीनची वायएमटीसी अशा मूठभर कंपन्यांच्या हाती आहे. इंटेलने आपला फ्लॅशचा धंदा एसके हायनिक्सला ९ अब्ज डॉलरना विकण्याचे २०२० मध्ये जाहीर केले आणि मार्च २०२५ मध्ये तो व्यवहार पुरा झाला. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने सामान्य ग्राहकांसाठीचा आपला 'क्रुशियल' हा धंदा गुंडाळत असल्याचे जाहीर केले. कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरना चिप विकणे जास्त फायद्याचे. भांडवलाला ग्राहकाशी नाते नसते, नफ्याशी असते.

ज्याने फ्लॅशचा शोध लावला त्याचे काय झाले, तेही पाहा. फुजिओ मासुओका हे जपानमधील तोशिबा कंपनीचे अभियंता. १९८० च्या दशकात त्यांनी फ्लॅश मेमरी जगासमोर मांडली. कंपन्यांनी त्यावर अब्जावधी कमावले. मासुओकांना मात्र आपला मोबदला मिळवण्यासाठी २००४ मध्ये कोर्टात जावे लागले. मागणी होती १०० कोटी येनची; २००६ मध्ये तडजोड झाली ८ कोटी ७० लाखांवर. जपानच्या पेटंट कायद्यात नोकरदार संशोधकाला योग्य मोबदला देण्याची तरतूद होती, म्हणून एवढे तरी पदरात पडले. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाला कायद्याचा आधार घ्यावा लागतो, तिथे आमच्या पोरांना कोण आपणहून बोलावणार?

आता भारतात या. जून २०२३ मध्ये मायक्रॉनने गुजरातमधील साणंद येथे कारखाना जाहीर केला. तिथे चिपांची जुळणी, चाचणी व पॅकिंग व्हायचे. एकूण खर्च २.७५ अब्ज डॉलर, म्हणजे सुमारे २२,५०० कोटी रुपये. त्यात कंपनीचा वाटा किती? जास्तीत जास्त ८२.५ कोटी डॉलर! प्रकल्पखर्चाचे ५० टक्के केंद्र सरकारचे आणि २० टक्के गुजरात सरकारचे. रुपयातले सत्तर पैसे जनतेचे, मालकी मात्र अमेरिकन कंपनीची. काडेपेटी घेतानाही कर भरणाऱ्या आमच्या आयाबहिणींचा पैसा त्यात आहे.

आणि नोकऱ्या? तिथे आरक्षण लागू नाही, कारण कंपनी खाजगी! तोटा सार्वजनिक आणि भरती खाजगी, हा कुठला न्याय? सार्वजनिक उद्योग विकून आरक्षण संपवण्याची रीत आपण पाहिली आहे. आता दुसरी रीत आली आहे: विकायचे काहीच नाही, सरकारी पैशानेच खाजगी कारखाना उभा करायचा.

अजय हासिया खटल्यात (१९८१) सर्वोच्च न्यायालयाने काही कसोट्या दिल्या. एखाद्या संस्थेचा जवळजवळ सारा खर्च सरकार उचलत असेल, तर ती संविधानाच्या अनुच्छेद १२ मधील 'राज्य' असल्याची ती एक खूण मानली जाते. पण एवढ्याने भागत नाही. सरकारी नियंत्रणही दाखवावे लागते. म्हणून कोर्टाची वाट अरुंद आहे, हे आम्ही जाणतो. कराराची वाट मात्र रुंद आहे. पैसे देणारा अट घालू शकतो.

अमेरिकेने ती घातली. तिथल्या २०२२ च्या चिप्स कायद्यात अनुदान मागणाऱ्या कंपनीने आर्थिकदृष्ट्या वंचितांना रोजगाराची संधी वाढवण्याची हमी द्यावी, असे कलम आहे. पंधरा कोटी डॉलरहून अधिक मागणाऱ्यांकडून कामगारांच्या मुलांच्या संगोपनाची योजनाही मागितली गेली. त्या कायद्याखाली मायक्रॉनला डिसेंबर २०२४ मध्ये ६ अब्ज डॉलरहून अधिक अनुदान मंजूर झाले. जी कंपनी तिथे अट मान्य करते, तिला इथेच गुणवत्तेचा कळवळा का यावा?

महाराष्ट्रात तर हत्यार हातातच आहे. राज्याच्या २००१ च्या आरक्षण कायद्यात, जो २९ जानेवारी २००४ पासून लागू झाला, 'शासन अनुदानित संस्था' या संज्ञेत सवलतीच्या दराने सरकारी जमीन किंवा इतर आर्थिक सवलत घेणारे उद्योगही धरले आहेत. हे शब्द कारखान्याच्या फाटकापर्यंत पोहोचलेले नाहीत. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात आज डेटा सेंटर उभी आहेत. या वेगवान एसएसडी तिथेच रात्रंदिवस चालतात. २०२३ च्या राज्य धोरणात अशा केंद्रांना सवलती आहेत. सवलत घेतली, तर कायदाही लागू करा, ही मागणी कोणत्या पक्षाने विधिमंडळात लावून धरली?

परमपूज्य बाबासाहेबांनी १९४२ मध्ये व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात सांगितले होते की, अस्पृश्यांना कला व कायद्याच्या शिक्षणाने फारसे साधणार नाही. विज्ञान व तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण हवे, आणि त्यासाठी सरकारने शिष्यवृत्ती द्यावी. स्वतः बॅरिस्टर असलेल्या महामानवाने हे लिहिले. आम्ही मात्र पोराला बी.ए. करून स्पर्धा परीक्षेच्या रांगेत उभे करतो आणि त्या रांगेतल्या जागा वर्षागणिक घटताना पाहतो.

म्हणून तीन गोष्टी करा. चिप व डेटा सेंटर प्रकल्पांना दिलेल्या सरकारी पैशाचा आणि तिथल्या भरतीचा हिशेब माहितीच्या अधिकारात मागा. पुढच्या प्रत्येक अनुदान करारात अनुसूचित जाती, जमाती व ओबीसींच्या प्रतिनिधित्वाची अट घालावी, म्हणून आमदार-खासदारांना निवेदने द्या. आणि आपल्या विहारांतून, वसतिगृहांतून इलेक्ट्रॉनिक्स आणि चिप-रचनेचे मार्गदर्शन सुरू करा. दार उघडले आणि आत जायला आपला माणूसच नसेल, तर ते दार पुन्हा बंद व्हायला वेळ लागणार नाही.

जयभीम!