दुसऱ्याच्या ओसरीवरून

आमच्या मंडळाचे खजिनदार मोठे मितभाषी गृहस्थ आहेत. वर्षाकाठी एकदा ते तोंड उघडतात आणि उघडले की खर्चाविषयीच बोलतात. गेल्या वर्षअखेरच्या सभेत त्यांनी चष्मा पुसत पुसत विचारले, "त्या संकेतस्थळाच्या नावाचे आणि जागेचे भाडे पुन्हा भरायचे आहे. भरू. पण ते बघतो तरी कोण?"

सभेत क्षणभर कोणी बोलेना. कारण उत्तर सर्वांनाच ठाऊक होते. मागील महिन्यात तेथे जे मूठभर पाहुणे येऊन गेले, त्यांतील निम्मे आम्हीच होतो. उरलेल्यांपैकी काही पत्ता चुकून आले असावेत.

वाचकांस वाटेल, एवढ्याशा भाड्याचे काय घेऊन बसलात? परंतु ह्या संकेतस्थळावर आमच्या बडोद्याच्या जुन्या मराठी घरांचा थोडाफार ठेवा आहे. मंडळाचे पूर्वीचे अहवाल, नाट्यप्रयोगांची छायाचित्रे, गणेशोत्सवाच्या स्मरणिका, दोन-चार कुटुंबांनी विश्वासाने हाती दिलेल्या हस्तलिखित वह्या, हे सारे आम्ही दोन-तीन उन्हाळ्यांच्या सुट्ट्यांत पान पान करून यंत्रावर उतरवले. पुढे २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले आणि आमच्या तळमजल्यावरची दोन कपाटे त्यात भिजली. त्यांतील काही कागदांचा नंतर नुसता लगदा हाती आला. म्हणजे त्या कागदांचे जे काही रूप आज सर्वांस दिसू शकते ते त्या संकेतस्थळावरच. भाडे थांबले की नाव दुसऱ्याचे होते, पाने नाहीशी होतात. खजिनदारांचा प्रश्न साधा होता. त्याच्या पोटात हे सारे होते.

जाहिरातीसाठी पैसा नव्हता. तेव्हा लोक जेथे फुकट जमतात तेथून त्यांना आपल्या दारी आणावे, असे ठरले. व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम ही ती ठिकाणे. सहा महिन्यांची मुदत मिळाली आणि जबाबदारी, नेहमीप्रमाणे, मास्तरांच्या गळ्यात पडली.

खरे तर ही कल्पना बडोद्यास नवी नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम ॲलन्सन बॉर्डन ह्या अमेरिकन ग्रंथपालास येथे आणले, संस्थानात ग्रंथालयांचे जाळे विणले गेले, आणि पुस्तकांनी भरलेल्या पेट्या गावोगाव फिरू लागल्या. वाचक ग्रंथालयाकडे येत नसेल तर ग्रंथालयाने वाचकाकडे जावे, हा त्यामागील विचार. आम्हीही पेटीच पाठवणार होतो. फक्त ती भरावी कशी, हे आम्हांस कळत नव्हते.

पहिल्या आठवड्यात आम्ही अडाण्यासारखे वागलो. संकेतस्थळाचा पत्ता उचलला, त्याच्या डोक्यावर 'अवश्य पाहा' असे लिहिले आणि ओळखीच्या झाडून साऱ्या व्हॉट्सॲप गटांत टाकून दिला. सुप्रभाताची फुले, एकादशीचे विठ्ठल आणि गुडघेदुखीवरील मेथीचे उपाय ह्यांच्या गर्दीत तो कोठल्या कोठे वाहून गेला. शिवाय पानांची नावे आम्ही हौसेने देवनागरीत ठेवली होती. असा पत्ता उतरवून पाठवला की पुष्कळदा त्यातील अक्षरे जाऊन टक्क्यांची चिन्हे, आकडे आणि रोमन अक्षरे ह्यांची हातभर लांब माळ तयार होते. आमच्या एका सेवानिवृत्त शेजाऱ्यांनी ती पाहून फोन केला, "मास्तर, तुमचा फोन कोणी ताब्यात घेतला काय?" त्यांचे काहीच चुकले नव्हते. लग्नपत्रिकेच्या नावाखाली भलतीच फाईल पाठवून लोकांची खाती लुबाडण्याचे प्रकार सर्वश्रुत आहेत. अनोळखी दुवा दाबू नका, असे आम्हीच शाळेत मुलांना बजावतो आणि आम्हीच तसला दुवा पाठवला!

मग पत्ते रोमन लिपीत, आखूड आणि वाचता येतील असे केले. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने, जो आता संगणकाच्या धंद्यात आहे, प्रत्येक पानाच्या पोटात शीर्षक, दोन ओळींचा मजकूर आणि एक चित्र ह्यांच्या खुणा घातल्या. फेसबुकने २०१० साली ही पद्धत रूढ केली. त्या खुणा असल्या म्हणजे दुवा पाठवताच त्याखाली लहानशी चौकट उमटते आणि आत काय आहे ते दाराबाहेरूनच दिसते. त्याने आणखी एक युक्ती केली. प्रत्येक गटासाठी पत्त्याच्या शेवटी निराळे शेपूट लावले, म्हणजे कोणता पाहुणा कोणत्या गटातून आला ते मोजता यावे. ह्या शेपटाला 'यूटीएम' म्हणतात. त्यातील 'यू' हा अर्चिन नावाच्या कंपनीचा, जी २००५ साली गूगलने विकत घेतली. कंपनीचे नाव मागे पडले, शेपूट राहिले.

ह्या शेपटाने आमचा एक मोठा भ्रम दूर केला. शेकडो सभासदांच्या गटांतून जवळजवळ कोणी येत नव्हते. आले ते एका जुन्या शाळासोबत्यांच्या साठेक जणांच्या गटातून, जेथे सगळे एकमेकांस अरे-तुरे करतात आणि एकाने सांगितले की दुसरा निदान उघडून तरी पाहतो.

परंतु खरी वाट सापडली ती अपघाताने. संग्रहातील एका नाटकाच्या छायाचित्राखाली नावे नव्हती. आम्ही ते त्या गटात टाकले आणि सहज विचारले, "डावीकडून तिसऱ्या कोण?" रात्री अकरापर्यंत संदेश येत राहिले. एकाला ती आपली आत्या वाटली; दुसऱ्याने, ती आत्या नव्हे, दांडिया बाजारातल्या वकिलांची भाची, असे ठासून सांगितले; पुण्याहून कोणी, अमेरिकेतून कोणी मुलांना-नातवांना ते चित्र दाखवू लागले. जे 'अवश्य पाहा' ह्या विनंतीने झाले नाही ते एका प्रश्नाने झाले. माणसे उपदेशाने येत नाहीत. आपल्याला काही ठाऊक आहे आणि ते कोणाला तरी हवे आहे, असे वाटले की येतात. वर्गात तीस वर्षे हेच पाहत आलो, तरी ध्यानात यायला इतका वेळ लागला.

त्या रात्री गटात एवढा गलबला झाला, पण संकेतस्थळावर चिटपाखरूही फिरकले नाही. कारण उघड होते. छायाचित्र गटातच पुरे दिले होते. मग दारापर्यंत कोण कशाला येईल? पुढल्या वेळी एकच छायाचित्र गटात ठेवले आणि त्याच प्रयोगाची उरलेली अकरा पाहण्यासाठी दुवा दिला. लाडू एक हातावर, डबा घरी. त्या शनिवारी खजिनदारांनीही कोष्टक दोनदा पाहिले.

इतर ठिकाणांविषयी फार सांगण्यासारखे नाही. फेसबुकने २०१८ च्या जानेवारीत जाहीरच केले की ह्यापुढे आप्तमित्रांच्या मजकुराला अग्रक्रम मिळेल. म्हणजे संस्थांच्या पानांना मागली रांग. इन्स्टाग्रामवर चित्राखालच्या मजकुरात लिहिलेला पत्ता दाबता येत नाही, तो आपल्या परिचयात ठेवून तिकडे बोट दाखवावे लागते. ह्यात रागावण्यासारखे काही नाही. ओसरी त्यांची, पाहुणा तेथेच बसून राहावा ही त्यांची इच्छा. जाहिरातीचे उत्पन्न त्यावर आहे. काही मंडळी आम्हांस म्हणाली, "मग संकेतस्थळ हवे कशाला? सगळे फेसबुकवरच ठेवा." पण ऑर्कुट २०१४ साली बंद झाले, गूगल प्लस २०१९ साली; २०२० च्या जूनअखेर सरकारने टिकटॉकवर बंदी घातली आणि त्यावरची लाखो लोकांची मांडामांड एका रात्रीत विस्कटली. दुसऱ्याच्या ओसरीवर गप्पा माराव्यात, पेटी मात्र ठेवू नये.

येथवर आमचे बरे चालले होते. आता जे घडले ते लिहिताना लेखणी जरा अडखळते.

संग्रहात एका गृहिणीची पाककृतींची वही आहे. दांडिया बाजारातील साध्या घरातील बाई. पन्नास-साठ वर्षांपूर्वी फावल्या वेळी लिहिलेल्या सुरळीच्या वड्या, उंधियूची मराठी तऱ्हा, आजारी माणसाचे सार, कोठे मुलाच्या मुंजीच्या सामानाची यादी. आमच्या त्या विद्यार्थ्याने तिचे सुरेख चित्र केले आणि वर ठळक अक्षरांत लिहिले, 'राजवाड्यातील गुप्त पाककृती प्रथमच उजेडात'. आम्ही म्हटले, "अरे, पण हे खरे नाही." तो म्हणाला, "सर, बाई कधीतरी राजवाड्यात हळदीकुंकवाला गेल्याच असतील. आणि मुदतीचे पंधरा दिवस उरलेत." आम्ही गप्प राहिलो. आमची संमती होती ती अशी.

त्या एका दिवसात जितके पाहुणे आले तितके आधीच्या पाच महिन्यांत मिळूनही आले नव्हते. कोष्टक पाहून आम्हांस आनंद झाला, हे लपवीत नाही. त्याच कोष्टकात, पाहुणा सरासरी किती सेकंद थांबला, हाही एक रकाना होता; तो आम्ही वाचला नाही.

दुसऱ्या दिवशी त्या बाईंच्या कन्येचा फोन आला. वय ऐंशीच्या घरात. आवाज चढलेला नव्हता. त्या म्हणाल्या, "सर, माझी आई राजवाड्यात कधी गेली नाही हो. तिने दोन खोल्यांत दहा माणसांचे केले. ती वही मी तुम्हांला दिली, कारण तुम्ही म्हणालात, आईचे नाव राहील. आज माझ्या नातीने मला चित्र पाठवले, त्यात आईचे नाव कुठे आहे?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. चित्र आम्ही तत्काळ काढले. पण व्हॉट्सॲपवर आपण पाठवलेला संदेश सर्वांसाठी पुसता येतो तो सुमारे अडीच दिवसांपर्यंत, आणि तोही आपण पाठवला त्या गटापुरता. पुढे गेलेल्या प्रती कोणाच्या हाती राहत नाहीत. फार वेळा पुढे गेलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल, असा निर्बंध २०२० च्या एप्रिलपासून आहे. त्याने वेग मंदावतो, प्रवास थांबत नाही. ते चित्र अजून कोठे कोठे फिरत आहे. परवा ते आमच्याच शाळेच्या एका शिक्षिकेने आम्हांस कौतुकाने पाठवले.

आम्ही विद्यार्थ्यासह त्यांच्या घरी गेलो. चहा झाला. वही परत हवी असल्यास आणून देतो, पाने काढून टाकतो, असे सांगितले. त्यांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाल्या, "राहू द्या. पण आईचे नाव वर घाला, आणि ते चूक होते हेही लिहा." ज्या ज्या गटांत चित्र गेले होते त्या सर्वांत आम्ही आमच्या नावाने चूक कबूल करणारे पत्र टाकले. ते पुढे पाठवावे असे फारशा कोणाला वाटले नाही. मात्र शाळासोबत्यांच्या त्या लहान गटातून आठ-दहा बायकांनी वही उघडली, आणि एकीने आजारी माणसाचे सार करून त्याचे छायाचित्र धाडले. त्या रकान्यात पहिल्यांदाच सेकंदांच्या जागी मिनिटे दिसली.

मुदतीच्या शेवटच्या सभेत खजिनदारांपुढे आम्ही दोन कोष्टके ठेवली, एक त्या दिवसासहित आणि एक तो दिवस वगळून. त्यांनी दुसरे घेतले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "एक वर्षाचे भरतो." पुढल्या वर्षी ते पुन्हा बोलतील.

तूर्त दर शनिवारी संध्याकाळी एक छायाचित्र आणि एक प्रश्न, एवढाच क्रम चालू आहे. डावीकडून तिसऱ्या बाईंचा मात्र अद्याप निर्णय लागलेला नाही. पाचवारी पातळ, केसांत अबोलीचा गजरा, हातात तंबोरा आणि मागे पडद्यावर रंगवलेला नदीचा घाट. आत्या की वकिलांची भाची, हे ज्या वाचकास खात्रीने ठाऊक असेल त्याने ह्या मासिकाच्या पत्त्यावर दोन ओळी अवश्य टाकाव्यात.