किल्लीची पेटी

हा प्रसंग आमच्याच घरचा आहे. तो छापावा कीं नाहीं, याचा विचार आम्हीं तीन महिने केला. भावजयींनीं स्वतः संमति दिली, म्हणून लिहितों.

बंधूंच्या पश्चात् त्या मुलासुनेसह जालन्यांत आमच्याजवळच राहतात. मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनीं त्यांस ट्रामाडोलच्या गोळ्या लिहून दिल्या. जखम भरली, वर्ष उलटलें, गोळ्या मात्र वाढतच गेल्या. गेल्या श्रावणांत पिठाच्या डब्यांत दडविलेलीं पाकिटें सांपडलीं. आम्हीं वडीलकीच्या तोऱ्यांत तीं सारीं फेंकून दिलीं आणि वर ‘हें आपल्या घराला शोभत नाहीं’ असेंही सुनावलें.

चौथ्या रात्रीं त्या सुनेला म्हणाल्या, “आतां माझा कोणाला उपयोग?” आम्ही तेथें असतों तर ‘असें अभद्र बोलूं नये’ म्हणून त्यांस गप्प केलें असतें. पोरीनें सरळ विचारलें, “आई, जीव द्यावासा वाटतो का?” त्या ‘हो’ म्हणाल्या आणि रडूं लागल्या. ती रात्रभर जवळ बसून राहिली व सकाळीं त्यांस मनोविकारतज्ज्ञांकडे घेऊन गेली.

तेथें जें ऐकलें त्यानें आम्ही ओशाळलों. ट्रामाडोल हें अफूच्या गुणाचें औषध; सरकारनें २०१८ सालीं तें अंमली पदार्थांच्या कायद्याखालीं आणलें. संवय जडल्यावर तें एकाएकीं तोडलें तर अंग मोडून येतें, झोंप उडते, जुनें दुखणें उसळतें आणि मन खचतें. अशा तोडण्यानंतर कांहीं रुग्णांनीं आत्महत्या केल्याचें नमूद करून अमेरिकेच्या औषध-नियामक खात्यानें २०१९ च्या एप्रिलांत डॉक्टरांस इशारा दिला होता. अयोग्य रीतीनें योजलेलें औषध विष होतें, हें चरकाचें मत आम्हीं वर्गांत कितीदां तरी सांगितलें. औषध तोडण्यालाही रीत असते, हें साठी उलटल्यावर कळलें.

त्यांतून बायकांचें दुखणें! पाठ धरली तरी चूल टळत नाहीं; गोळी हीच काय ती विश्रांति. २०१६ सालीं जगांत आत्महत्येनें मृत्यु पावलेल्या स्त्रियांपैकीं तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भारतीय होत्या.

आतां डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवितात. गोळ्या आठवड्यापुरत्याच आणतों. पेटीची किल्ली सुनेजवळ असते. रात्रीं-अपरात्रीं मन घाबरलें तर असावा म्हणून सरकारच्या ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक आम्हीं मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला लावला आहे.

परवां आम्हीं त्यांची क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, “भावोजी, आधीं चहा घ्या, निवतो आहे.”