न विचारण्याची सभ्यता

गेल्या पावसाळ्यात एका मध्यरात्री आमच्या इमारतीतील एका स्त्रीच्या पोटात असह्य दुखू लागले. तिच्याबरोबर राहणाऱ्या दुसऱ्या स्त्रीने तिला आधार देत तीन जिने उतरवले, नाक्यावरून रिक्षा आणली आणि रुग्णालय गाठले. वाटेत सहा दारे होती. त्यांतील एक माझे. तिने एकही ठोठावले नाही. ही हकीकत मला आठ दिवसांनी दूधवाल्याकडून कळली. वॉर्डातील रक्तदात्यांची यादी ज्याच्या टेबलाच्या खणात पस्तीस वर्षे पडून आहे, त्या कार्यकर्त्याला आपल्याच जिन्यातील दुखणे असे कळावे, हे मनाला फार लागले.

भेटायला गेलो तो थोडा रागावूनच. "मला का उठवलं नाहीस?" असे विचारले. ती म्हणाली, "काका, तुम्ही उठला असता हो. पण पहिलं हेच विचारलं असतंत, हिच्या घरच्यांना कळवलं का? मग मी काय सांगायचं?"

या दोघी पाच वर्षांपूर्वी येथे भाड्याने राहावयास आल्या. एक कपडे शिवण्याच्या कारखान्यात कामाला आहे, दुसरी एका घाऊक व्यापाऱ्याच्या दुकानात हिशेब लिहिते. इमारतीत त्या मावसबहिणी म्हणून ओळखल्या जातात. त्या बहिणी नाहीत, त्यांचे नाते पतिपत्नीसारखे आहे, हे मला ठाऊक होते, माझ्या पत्नीला ठाऊक होते आणि बहुधा सगळ्यांनाच ठाऊक होते. आम्ही विचारले मात्र नाही. या न विचारण्यालाच मी सभ्यता समजत होतो. खरे सांगायचे तर पुरोगामीपणाच समजत होतो.

कोणी कोणाबरोबर राहावे ही ज्याची त्याची खासगी बाब आहे, असे आपण मोठ्या उदारपणे म्हणतो. विवाहित जोडप्याचे सहजीवन मात्र आपल्याला कधी खासगी वाटत नाही. त्याच्या पत्रिका छापतो, वरात काढतो. विवाह आंतरजातीय असला आणि नोंदणी पद्धतीने झाला तर पक्षाच्या साप्ताहिकात जाहीर अभिनंदनही करतो. म्हणजे खासगीपणाचा हा अधिकार आपण त्यांनाच देतो, ज्यांनी तो मागितलेला नसतो.

आपल्या वस्त्यांत नव्याने आलेल्या माणसाला तीन प्रश्नांतून जावे लागते: आडनाव काय, यजमान कुठे असतात, मुलेबाळे किती. पहिल्या प्रश्नामागील जात आपण ओळखली आणि तिच्याशी झगडलो. दुसऱ्या प्रश्नामागे काय दडले आहे याचा विचार आपण फारसा केला नाही. साधे नवपरिणीत जोडपे हा नाका महिन्याभरात ओलांडते. वाटीभर साखर मागितली जाते, संक्रांतीचे हळदीकुंकू येते, गणपतीची वर्गणी येते आणि माणसे एकमेकांच्या घरात मिसळून जातात. हळदीकुंकवात विधवेला स्थान नाही म्हणून आपल्या भगिनींनी त्यावर टीका केली, कित्येकींनी ती प्रथा मोडली. या दोघी तर सवाष्ण नाहीत आणि विधवाही नाहीत. चाळिशीला आल्या तरी जिन्यातल्या बायकांच्या लेखी त्या 'अजून लग्न न झालेल्या मुली' आहेत.

एकदा 'मावसबहिणी' असे सांगितले की त्या शब्दावर रात्रंदिवस पहारा ठेवावा लागतो. कोणी यायचे असले तर भिंतीवरचे छायाचित्र कपाटात जाते. कोणत्या मावशीची कोण, हे दोघींनी सारखे पाठ करावे लागते. शेजारीण आपुलकीने स्थळ सुचवते, तिला कसे टाळावे याची दोघींना चिंता. या कटकटीपेक्षा कोणाला घरी न बोलावणे सोपे पडते. आणि जो बोलावत नाही त्याला कोणी बोलावत नाही. मग आम्हीच म्हणतो, 'फार एकलकोंड्या आहेत.'

कायद्याने या बाबतीत काय दिले? ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७ च्या कक्षेतून बाहेर काढले. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच न्यायालयाने समलिंगी विवाहास मान्यता देण्याचे नाकारले. तेव्हा घराच्या आत गुन्हा नाही, पण घराबाहेर नातेही नाही, अशी आजची स्थिती आहे. ज्यांना कायद्याचे नाते नाही त्यांना रुग्णालयाच्या दारात शेजारी तरी असला पाहिजे. म्हणूनच त्या रात्रीची ती सहा दारे माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत.

आपल्यातील काही साथी म्हणतील, हे शहरी सुखवस्तूंचे प्रश्न आहेत. त्यांना मी आठवण देतो की १९८७ मध्ये एकमेकींशी लग्न करून नोकरी गमावणाऱ्या लीला नामदेव आणि उर्मिला श्रीवास्तव या मध्य प्रदेशच्या सशस्त्र पोलीस दलातील साध्या शिपाई होत्या. दुसरी आठवण ब्रिटनमधील १९८४-८५ च्या खाण कामगारांच्या संपाची. मार्क ॲश्टन या तरुण कम्युनिस्टाने आणि त्याच्या मित्रांनी लंडनमधील समलिंगी स्त्री-पुरुषांची एक मंडळी संपकऱ्यांसाठी डबे फिरवावयास उभी केली. (पुरुषांच्या गर्दीत आपला आवाज बुडतो म्हणून त्यातील काही स्त्रियांनी पुढे आपला वेगळा गट काढला, हेही आपण लक्षात ठेवण्याजोगे आहे.) ही मंडळी साउथ वेल्समधील डुलाइस खोऱ्यात गेली, खाण कामगारांच्या घरी उतरली. जून १९८५ मध्ये लंडनला समलिंगींचा मोर्चा निघाला, तेव्हा खाण कामगार आपले झेंडे घेऊन त्याच्या अग्रभागी चालत होते. तेथे कोणी कोणाला 'सहन' केले नव्हते. एकत्र काम केले आणि त्यातून मैत्री झाली.

आपल्याकडेही मैत्री अशीच होत आली आहे. १९७२ मध्ये मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्यामागे लाटणी घेऊन निघालेल्या स्त्रियांची ओळख हळदीकुंकवापेक्षा धान्याच्या आणि रॉकेलच्या रांगेत अधिक झाली असेल.

ही गोष्ट मी आमच्या बैठकीत काढली, तेव्हा एका उत्साही साथीने या दोघींचे व्याख्यान ठेवण्याची सूचना केली. मी ती त्यांच्या कानावर घातली. हिशेब लिहिणारी हसली. "व्याख्यान नको काका. पाण्याच्या समितीत घ्या. तुमचं पंपाचं बिल दर महिन्याला चुकतं." तिला समितीत घेतले. बिल खरोखरच चुकत होते. आता तिच्याशी भांडण्यासाठी तरी माणसे तिसऱ्या मजल्यावर चढतात, आणि चहा पिऊन उतरतात. छायाचित्र भिंतीवर असते. दोन बिऱ्हाडांनी मात्र बोलणे सोडले आहे, हेही नमूद केले पाहिजे.

२०२४ मध्ये केंद्राच्या अन्न व सार्वजनिक वितरण विभागाने राज्यांना कळवले की शिधापत्रिकेसाठी समलिंगी जोडीदारांना एकाच कुटुंबातील मानावे. आपल्या किती शाखांना हे ठाऊक आहे? शिधापत्रिकेचा अर्ज भरून देणे हे तर आपले सर्वांत जुने काम. आम्ही दोघींचा अर्ज भरला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे घरातील वडील स्त्री कुटुंबप्रमुख असते, त्यामुळे तो रकाना विनासायास भरला गेला. पुढचा रकाना होता 'कुटुंबप्रमुखाशी नाते'. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि 'जोडीदार' असे लिहिले. कारकुनाने अर्ज परत केला. सोमवारी त्या केंद्राच्या पत्राची प्रत घेऊन आम्ही पुन्हा जाणार आहोत. पाण्याच्या समितीतील चौघे बरोबर येतो म्हणाले आहेत.